लल्ला तामूची निजती गाठ

लल्ला तामूच्या घरी चहा नेमका अकराव्या वेढ्याला उतू जायचा.

व्हायचं असं, की सकाळची नमाज, जप आणि न्याहारी आटोपली की ती खिडकीपाशी गालिच्यावर बसायची, निळ्या कागदातल्या साखरेच्या शंकूला फोन टेकवून उभा करायची, 'बिस्मिल्ला' म्हणायची आणि सुईत रेशीम ओवून बटण करायला घ्यायची. फोनच्या पलीकडे तिला आदराने 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणणाऱ्या दोनशे अकरा बायका शिकायला बसलेल्या असत. कागदाची पट्टी वळून इवलीशी पुंगळी कशी करायची, पहिला वेढा कुठून घ्यायचा, दुसरा पहिल्याच्या पोटातून कसा काढायचा, सगळं ती जीव ओतून दाखवी. दहा वेढे होत. बटण वाटाण्यासारखं गोल गरगरीत दिसू लागे. आता फक्त शेवटची गाठ राहिली, की लल्ला तामू एकदम दचके आणि म्हणे, "अगं बाई, चहा!"

आणि बटण हातात घेऊनच स्वयंपाकघरात पळे. परत येई तेव्हा बटण पुरं झालेलं असे. "तर अशी ही शेवटची गाठ मारायची आणि दोरा कापायचा. अल्हम्दुलिल्लाह."

वर्षभरात एकीलाही ती गाठ दिसली नव्हती. रॉटरडॅमला राहणाऱ्या एका होतकरू मुलीने तर वहीत क्रमवार लिहून ठेवलं होतं: दहावा वेढा, मग चहा, मग दोरा कापणे. ती बिचारी दर बटणामागे इमानाने एक पेला चहा पीत असे आणि आपल्याला हल्ली झोप का लागत नाही म्हणून डॉक्टरांना विचारत असे.

सफरू गावात कफ्तानाची आणि जेलाब्याची, म्हणजे पायघोळ झग्यांची, रेशमी बटणं पिढ्यान्‌पिढ्या बायकाच करत आल्या आहेत. आणि पिढ्यान्‌पिढ्या कुठल्याही मालमाने, म्हणजे हातात कसब असलेल्या उस्ताद बाईने, शिकाऊ पोरीला सगळं एकदम दिलेलं नाही. मांजराने वाघाला सगळे डाव शिकवले, झाडावर चढायचा तेवढा ठेवून घेतला, तशातली ही रीत. लल्ला तामूला तिच्या मावशीने ती गाठ अकरा वर्षं राबवून घेतल्यावर दिली होती, तीही हम्मामच्या वाफेत, पाठ चोळून घेता घेता, कानात. त्या गाठीचं नाव निजती गाठ. सुई पुंगळीच्या पोटातून उलटी काढायची, दोरा आतल्या आत आडवा निजवायचा आणि वरून काहीच झालं नाही असं दाखवायचं. ही गाठ मारलेलं बटण कापड फाटलं तरी सुटत नाही. साधी गाठ मारलेलं दिसायला हुबेहूब तसंच. पण महिनाभरात ताण पडला की सुटतं.

ग्रुप काढायची कल्पना मुलीची, विदादची. "यम्मा, आपल्या गल्लीत पूर्वी चाळीस बायका उंबऱ्यावर बसून बटणं करायच्या. आता तिघी उरल्यात, त्यातल्या दोघींना दिसत नाही. तुझ्याबरोबर हे सगळं जाऊ द्यायचंय का?" लल्ला तामूला ते पटलं. आपलं कसब जावं असं तिला मुळीच वाटत नव्हतं. फक्त ते सगळंच्या सगळं बाहेर जावं असंही वाटत नव्हतं.

"तू त्या बायकांना फसवतेस," तिचा नवरा सी अल्लाल एकदा म्हणाला. पोस्टात तीस वर्षं शिक्के मारून तो निवृत्त झाला होता आणि आता येताजाता बायकोवर शिक्के मारत असे.

"मी? अहो, मी एक अक्षर खोटं बोलत नाही. नेमाने सोमवार-गुरुवारचा रोजा धरणारी बाई मी."

"चहा?"

"चहा ठेवलेला असतोच."

"विस्तवावर?"

लल्ला तामू जरा घुटमळली. "ठेवलेला असतो," ती म्हणाली आणि जपमाळ हातात घेतली. जपमाळ हातात आली की सी अल्लालने गप्प बसायचं, असा त्यांच्या संसाराचा कायदा होता.

अशात विदादचं लग्न ठरलं. मुलगा फेझचा, स्वभावाने गरीब, पण त्याची आई लल्ला बत्तूल म्हणजे फेझच्या जुन्या खानदानातली. फेझहून सफरूला यायला गाडीने पाऊण तास लागतो. लल्ला बत्तूल मात्र अशी आली की जणू वाळवंट तुडवून आली. तिने घराकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं, पुदिन्याच्या चहाचा घोट घेऊन 'पाणी वेगळंय इकडचं' असं म्हटलं, आणि मग विहिणीचा हात हातात घेऊन औदार्याने म्हणाली, "हे बघा तामू, पालखीवाले आमचे, वाजंत्री आमची, आचारी आमचा. कफ्तानाचं कापडही मीच देते, खजुरी रंगाचं. सध्या फेझमध्ये तोच चालतो. पण बटणं तेवढी तुमच्याकडची. सफरूचं एवढं एकच मला चालतं."

बोलणं गोड, पण काट्यासारखं रुतलं. रात्री जेवताना लल्ला तामूने घोषणा केली, "नव्व्याण्णव बटणं मी एकटी करणार. प्रत्येक बटणाला अल्लाहचं एकेक नाव घेऊन. नवस बोललेय मी. ती बाई उभ्या आयुष्यात पुन्हा 'सफरूचं एवढं एकच' म्हणणार नाही."

"म्हणेल," सी अल्लाल म्हणाला. "पण बटण ओढून बघून म्हणेल."

लग्नाला पाच आठवडे होते. शुक्रवार बघून, मेंदीचा छोटा ठिपका तळव्यावर लावून, लल्ला तामू पहिल्या बटणाला बसली. मुलीच्या लग्नाचं पहिलं बटण. तेही ग्रुपला दाखवावं असं तिच्या मनात आलं. शंकूला फोन टेकवला. दोनशे अकरा बायकांना सलाम केला, प्रत्येकीच्या प्रकृतीची, मुलांची, सासवांची चौकशी केली. तिचा धडा नेहमी अर्ध्या तासाने सुरू व्हायचा, त्यामुळे जुन्या शिष्या तेवढ्यात भाजी निवडून घेत. दहा वेढे झाले. लल्ला तामू सवयीने दचकली. "अगं बाई, चहा!"

आणि त्या दिवशी चहा खरंच उतू चालला होता.

विदादने आईच्या कौतुकापोटी किटली खरोखर विस्तवावर ठेवली होती. आतून फस्सकन आवाज आला आणि वर्षभर खोटं दचकणारी बाई आयुष्यात पहिल्यांदा खरी दचकली. कोपर लागून शंकू कलंडला, शंकूबरोबर फोन कलंडला, फोन वाचवायला ती वाकली, पायाखाली रेशमाचं रीळ आलं आणि ती उजव्या हातावर अशी पडली की शेजारच्या घरातली कोंबडीसुद्धा ओरडली.

फोन मात्र चालूच होता. ग्रुपने सगळं ऐकलं: धप्प आवाज, "या लतीफ!" अशी किंकाळी, आणि मागोमाग सी अल्लालचा शांत स्वर, "तरी मी म्हणत होतो, एक दिवस तुझा चहा खरा उकळेल."

मनगटाला प्लास्टर चढलं. डॉक्टरने दोन महिने हात हलवायचा नाही म्हणून सांगितलं. ग्रुपवर औषधांचा पूर आला. ऑलिव्हचं तेल, मेथीचा लेप, मेंढीची चरबी, कोमट वाळू. सी अल्लाल चष्मा लावून एकेक मोठ्याने वाचून दाखवी. "ही ऊजदाची म्हणते प्लास्टरवर कांदा बांधा. प्लास्टरवर! बांधायचा का?"

"मेलं प्लास्टर!" लल्ला तामूच्या डोळ्यांत पाणी होतं. "माझ्या नवसाचं काय?"

मशिदीच्या इमामांनी तिला धीर दिला. नवस फेडता आला नाही तर दहा गरिबांना जेवू घालावं, अल्लाह दयाळू आहे. पुढच्या शुक्रवारी लल्ला तामूने विदादकडून मोठ्या भांड्यात रव्याचा कुसकुस शिजवून घेतला आणि नऊ गरीब मिळाले. दहावा शोधायला बाहेर पडणार तर सी अल्लाल ताट घेऊन रांगेच्या शेवटी बसलेला. "पोस्टाचा पेन्शनर आहे," तो म्हणाला. "याहून गरीब कुठे मिळणार?" तिने त्याला उठवलं आणि कोपऱ्यावरच्या चांभाराला बोलावून आणलं.

नवस फिटला, पण बटणं उरलीच. तिने डाव्या हाताने प्रयत्न केला. सुई दातात, दोरा पायाच्या अंगठ्याला. नऊ दिवसांत चार बटणं झाली. त्यांना निजती गाठ तिने मारली खरी, पण डाव्या हाताने ती जरा वाकडीच निजली. तरी गाठ ती गाठ. बाकीची पंच्याण्णव कुठून आणायची या विचाराने तिच्या तोंडचं पाणी पळालं.

दहाव्या दिवशी दारात एक उंच, उन्हाने रापलेली बाई उभी राहिली. काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.

"ओळखलंत का, लल्ला? मी शामा. लाराशची. तुमच्या ग्रुपमध्ये मी सगळ्यात जास्त प्रश्न विचारते."

"अगं, तूच का ती! 'वेढा डावीकडून की उजवीकडून' असं चौदा वेळा विचारणारी!"

"तीच," शामा आनंदाने म्हणाली. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर होता आणि ती पहाटेची बस धरून आली होती. तिने डबा उघडला. आत ओळीने खजुरी रंगाची बटणं होती, टपोरी, एकसारखी, नव्व्याण्णव. "तेहेतीस जणींनी तीन-तीन केलीत. मेकनेसहून आलीत, ऊजदाहून आलीत, रॉटरडॅमहूनसुद्धा आलीत. विदादने रंगाचा तुकडा दाखवला होता. तुमच्यापासून लपवून ठेवलं आम्ही. तुम्ही आम्हाला शिकवलंत, लल्ला. तुमच्या लेकीच्या कफ्तानाला आमचाही हात लागू दे."

लल्ला तामूला रडू आलं. शामाला वाटलं मायेने आलं. त्यात माया होतीच, पण बरीचशी धास्ती होती. नव्व्याण्णव बटणं, आणि एकाच्याही पोटात निजती गाठ नाही! लग्नाला पंधरा दिवस. पालखीत नाचवताना, विहिणी मिठ्या मारताना, पोरगी नुसती शिंकली तरी पुढून कफ्तान उघडणार. आणि समोर लल्ला बत्तूल.

"रंग... जरा फिका वाटतो गं," ती चाचरत म्हणाली.

शामाने कापडाचा तुकडा काढून बटणाशेजारी धरला. कुठलं कापड आणि कुठलं बटण ते कळेना.

"नाही म्हणजे, एवढे कष्ट तुम्ही का म्हणून..."

"झालेत की आता कष्ट, लल्ला."

खरं एकच होतं आणि ते जिभेवर येत नव्हतं: बायांनो, मी तुम्हाला जे शिकवलं ते अपुरं शिकवलं. रोज रात्री नमाजेनंतर ती ठरवी, उद्या सकाळी सांगून टाकायचं. रोज सकाळी ग्रुपवर कुणीतरी लिहिलेलं असे, 'अल्लाह आमच्या उस्तादीणबाईंना बरं करो. यांच्यासारख्या सढळ हाताने शिकवणाऱ्या विरळा.' मग तिच्याने बोलवत नसे.

"सढळ हाताने," सी अल्लाल वाचून दाखवत म्हणाला. "त्यातला एक प्लास्टरमध्ये आहे, एवढं कळव त्यांना."

शेवटी तिने एक युक्ती काढली. शिंपी बटणं लावायला बसला तेव्हा तिने छातीवरची चार, जिथे सगळ्यात जास्त ताण येतो तिथली, हळूच काढून घेतली आणि आपली डाव्या हाताने केलेली चार त्याच्यापुढे ठेवली. चार खांब भक्कम असले की छप्पर तरतं, असा हिशेब.

लग्नाच्या दिवशी लल्ला तामू नवरीची आई म्हणून मिरवायच्या ऐवजी मुलीच्या मागेपुढे पहारेकऱ्यासारखी फिरत होती. बाहीत सुईदोरा लपवलेला.

"ताठ बस. नको, इतकी ताठ नको. श्वास पोटात घे, छातीत नको."

"यम्मा, लग्न आहे की बाळंतपण?"

"आणि हसू नकोस."

"माझ्याच लग्नात?"

पालखीवाल्यांना तिने बाजूला घेऊन अंड्यांची टोपली उचलल्यासारखी पालखी उचलायला सांगितली. तरी वाजंत्री सुरू झाली आणि चारही पालखीवाले पडले फेझचे, त्यांच्या अंगात आलं. विदाद वर उडते आहे, खाली येते आहे, हात हलवते आहे. लल्ला तामूचे ओठ जपात, डोळे बटणांवर. एकही सुटेना. पालखी खाली आली. नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव जागच्या जागी! तिने डोळे मिटून शुक्र मानला. आपली चार म्हणून टिकलं सगळं, असंही मनात आलं, आणि तो अहंकार बरा नव्हे म्हणून लगेच तौबाही केली.

मग दूध-खजुराचा विधी आला. लल्ला बत्तूल खजुराचं तबक हातात घेऊन पुढे झाली. सुनेला पाहून तिला भरून आलं असावं, कारण तबक एका हातावर तोलत दुसऱ्या हाताने तिने विदादला अशी छातीशी आवळली की फेझचं सगळं खानदान एका मिठीत मावलं. मिठी सुटली. तिच्याबरोबर टप्, टप्, टप्, टप् असा आवाज करीत चार बटणंही सुटली.

तीन गालिच्यावर घरंगळली. चौथं तबकात पडलं. आणि लल्ला बत्तूलने 'बिस्मिल्ला' म्हणून सगळ्यात टपोरा खजूर उचलून तोंडात टाकला.

ती चावली. थांबली. पुन्हा चावली. मग दोन बोटांनी ओठांतून एक टोक पकडून ओढलं. दोरा आला. आणखी ओढला, आणखी आला. वीतभर, हातभर. मांडव बघत होता आणि लल्ला बत्तूलच्या मुखातून खजुरी रेशीम निघतच होतं.

"तामू," ती भरल्या तोंडाने म्हणाली, "तुमच्याकडे खजुराला बी नसते का? दोराच असतो?"

लल्ला तामूला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. विदादने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले होते. एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून जीभ हलवत काढलेला सणसणीत हुलकार उठला. "यूयूयूयू!" शामा होती ती. तिच्यामागे ग्रुपमधल्या आणखी सहा-सात जणी. बघता बघता त्यांनी नवरीभोवती खांद्याला खांदा लावून कडं केलं, हुलकार आणि टाळ्या चालूच, आणि आत शामाने पर्समधून जादा केलेली बटणं काढली आणि सुई चालू केली.

"हे काय चाललंय?" लल्ला बत्तूलने दातातला शेवटचा धागा काढत विचारलं.

"रीत आहे आमच्याकडची," सी अल्लाल पुढे होऊन गंभीरपणे म्हणाला. "नवरीची शेवटची चार बटणं बायका मिळून भर मांडवात लावतात. आणि ज्या विहीणबाईंच्या खजुरात रेशीम निघतं, त्यांच्या घरी सून रेशमासारखी नांदते. फार क्वचित निघतं हो. माझ्या आईच्या वेळी नाही निघालं."

लल्ला तामू हळूच 'अस्तगफिरुल्लाह', अल्लाह माफ करो, असं पुटपुटली. पण लल्ला बत्तूलचा चेहरा उजळला. तिने तो हातभर दोरा नीट गुंडाळून कमरपट्ट्यात खोचला. "बघा," ती आपल्या बहिणींना म्हणाली, "असल्या जुन्या रीती आता फेझमध्ये राहिल्या नाहीत. या आतल्या गावांतच जपतात लोक."

अब्रू वाचली. गाणी सुरू झाल्यावर लल्ला तामू मांडवामागे रचलेल्या खुर्च्यांपाशी जाऊन बसली. थोड्या वेळाने शामा शेजारी येऊन बसली. हातात ती घरंगळलेली तीन बटणं.

"लल्ला, एक विचारू? ही आमची नव्हेत."

"कशावरून?"

"आमची सुटत नाहीत." शामाने जीभ चावली, पण बोलून गेली होती. "म्हणजे आधी सुटायची. पहिल्या महिन्यात सगळ्यांची सुटली. माझ्या नणंदेच्या जेलाब्याची तर बाजारात, भाजीवाल्यापुढे. मग आम्ही सगळ्यांनी डोकं चालवलं. माझा नवरा जाळी विणतो. म्हटलं, जी गाठ मासा सोडत नाही ती बटण कशाला सोडेल? ती थोडी बारीक करून घेतली. आता धुतलं, आपटलं, तरी हलत नाही."

"डोकं चालवलं म्हणजे कुठे? ग्रुपवर तर कुणी काही बोललं नाही."

शामा आपल्या चपलांकडे बघू लागली. "दुसरा ग्रुप आहे, लल्ला."

"किती जणी आहात त्यात?"

"दोनशे अकरा."

लल्ला तामूने मनात आकडा मांडला. तिच्या ग्रुपमध्ये तिला धरून दोनशे बारा होत्या. "म्हणजे विदादसुद्धा?"

"अॅडमिनच ती आहे."

मांडवात ढोल वाजत होते. लल्ला तामूने प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला. मग जे रोज रात्री ठरून रोज सकाळी राहत होतं, ते एकदम बाहेर आलं. "शामा, तो चहा कधीच उतू जात नव्हता गं."

"माहीत आहे, लल्ला. कुणाच्याच घरी दर वेळी अकराव्या वेढ्याला जात नाही. ती रॉटरडॅमची सोडली तर सगळ्यांना माहीत आहे."

"मग एकीनेही तोंडावर का नाही म्हटलं?"

"कशाला? दहा वेढे दिलेत की तुम्ही. एका गाठीसाठी शिकवणाऱ्या माणसाचं मन कोण मोडेल?" शामा साधेपणाने म्हणाली. "आणि खरं सांगू, तुम्ही प्रकृतीची चौकशी करायचात ना, सगळ्या मुलांची नावं घेऊन, ती मला फार आवडायची. बोटीवर माणूस गेलं की दुसरं कोण विचारतं?"

लल्ला तामूने शामाचा कान जवळ ओढला, आपल्या मावशीने ओढला होता तसाच, आणि निजती गाठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगून टाकली. शामाने श्वास रोखून ऐकली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "छानच आहे. पण अवघड आहे, लल्ला. जाळ्याची सोपी पडते."

"मग मला तुमच्या ग्रुपमध्ये घ्या," लल्ला तामू म्हणाली.

लग्नानंतर तीन आठवड्यांनी प्लास्टर निघालं. हात अजून आखडलेला होता. त्या ग्रुपचा नियम होता, की नव्याने आलेल्या बाईने पहिलं बटण करून त्याचा फोटो टाकायचा. लल्ला तामूने तीन दिवस खपून जाळ्याची गाठ मारलेलं एक बटण केलं, खिडकीच्या उजेडात ठेवून फोटो काढला आणि नाव-गाव काही न लिहिता सी अल्लालच्या नंबरावरून पाठवून दिला. विदाद नवऱ्याबरोबर आगादीरला होती. तिने काही पाहिलं नाही. उत्तर रॉटरडॅमहून आलं.

सी अल्लाल चष्मा शोधेपर्यंत लल्ला तामूने ते स्वतःच अक्षर अक्षर जुळवून वाचलं. आधी तिच्या भुवया वर गेल्या, मग गाल लाल झाले.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

"'ताई, वेढे सैल आहेत. दुसऱ्या वेढ्यापासून उसवून पुन्हा करा. धीर सोडू नका, सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं.'" लल्ला तामूने फोन खाली ठेवला. "मला! चाळीस वर्षं बटणं करतेय मी. ही पोरगी वर्षभरापूर्वी सुईला नेढं कुठे असतं ते मला विचारत होती!"

"मग सांग की तिला कोण आहेस ते."

लल्ला तामूने बटण उचललं, डोळ्यांजवळ नेलं, उजेडात फिरवून फिरवून पाहिलं. खिडकीबाहेर कुणीतरी पुदिना विकत चाललं होतं.

"तिला म्हणावं तरी काय," ती शेवटी हळू आवाजात म्हणाली. "दुसरा वेढा सैलच आहे."

तिने बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण उसवायला घेतलं.